टक लावून न पाहणारं गाव

१९८९ सालच्या पावसाळ्यात आमच्या शाखेत एक बाई बदलून आल्या. मी तिथे अकाउंटंट होतो आणि कोणाला कोणतं टेबल द्यायचं हे ठरवणं माझ्याकडे होतं. बाईंच्या चेहऱ्याची डावी बाजू, मान आणि उजवा हात भाजलेला होता. दीड वर्षापूर्वी घरात पंपाचा स्टोव्ह भडकला होता, एवढं त्यांनी पहिल्या दिवशी स्वतःहून सांगितलं आणि तो विषय संपवला. जखमा भरल्या होत्या. पण भरलेली कातडी लालसर, चकाकती आणि जागोजाग उंचवट्याची होती, आणि उजव्या हाताची दोन बोटं पुरती सरळ होत नव्हती.

मी त्यांना मागचं टेबल दिलं. जुन्या लेजरांच्या रॅकपलीकडे, रेकॉर्ड रूमच्या दाराशी. वर पंखा होता, शेजारी खिडकी होती, आणि मुख्य म्हणजे तिथे गिऱ्हाइकाची नजर पोचत नव्हती. आपण फार समजूतदारपणा केला, असं मला त्या संध्याकाळी घरी जाताना वाटल्याचं स्पष्ट आठवतं.

दुपारच्या सुट्टीत डबा खाऊन झाला की बाई खणातून खोबरेल तेलाची छोटी बाटली काढायच्या, हाताच्या पाठीवर तेल घेऊन दहा-पंधरा मिनिटं अंगठ्याने गोल गोल चोळायच्या, मग टेबलाच्या कडेवर एकेक बोट दाबून ताणायच्या. आम्ही तेवढ्या वेळापुरते दुसरीकडे बघायचो. वर्षभराने त्यांनी मला एक अर्ज दिला. बचत खात्याच्या काउंटरवर काम मिळावं, अशी विनंती होती. सहामाही संपू दे, मग बघू, असं म्हणून मी तो खणात ठेवला. तो तिथेच राहिला. पुढच्या वर्षी माझी बदली झाली.

हे सगळं मी विसरलो होतो असं नाही, पण त्याला नाव देता येत नव्हतं. ते नाव मला निवृत्तीनंतर सापडलं, एका शल्यविशारदाच्या आयुष्याविषयी वाचताना. त्यांचं नाव आर्चिबाल्ड मॅकिंडो. दुसऱ्या महायुद्धात होरपळलेल्या वैमानिकांना त्यांनी नवे चेहरे आणि चालणारे हात दिले. पण भाजलेली कातडी बरी करायची म्हणजे नेमकं काय काय बरं करायचं, या प्रश्नाचं त्यांना मिळालेलं उत्तर शस्त्रक्रियेच्या टेबलापाशी थांबणारं नव्हतं.

मॅकिंडोंचा जन्म ४ मे १९०० रोजी न्यूझीलंडमधल्या डनेडिन गावी झाला. वडील छापखानावाले, आई मेबल हिल चित्रकार. म्हणजे घरात एकीकडे खिळे आणि शाई, दुसरीकडे रंग आणि माणसांचे चेहरे. मुलगा डॉक्टर झाला. १९२४ साली त्यांना अमेरिकेतल्या विख्यात मेयो क्लिनिकची शिष्यवृत्ती मिळाली, पण ती अविवाहितांसाठी होती आणि यांचं लग्न नुकतंच झालेलं! नवऱ्याने लग्न लपवलं आणि एकट्याने बोट पकडली. बायको मागाहून गेली. नियम आड आला की नियमाला वळसा घालायचा, ही त्यांची खोड इथपासून दिसते.

मेयो क्लिनिकमध्ये त्यांनी नाव कमावलं ते यकृतावरच्या कामाने. चेहऱ्याशी त्याचा काही संबंध नव्हता. लॉर्ड मॉयनिहन या इंग्लिश सर्जनने त्यांचा हात पाहिला आणि इंग्लंडला येण्याचा सल्ला दिला. १९३० साली मॅकिंडो मोठ्या आशेने लंडनला पोचले, तर तिथे नोकरीच नव्हती. तिशी गाठलेला, परदेशी पदव्यांचा, अनोळखी शहरात बेकार असलेला डॉक्टर. शेवटी ते नात्यातल्या एका माणसाकडे गेले. तो माणूस होता सर हॅरोल्ड गिलीज, तोही मूळचा डनेडिनचाच आणि प्लास्टिक सर्जरीतला त्या काळचा सर्वांत मोठा जाणकार.

गिलीजना समजून घेतल्याशिवाय मॅकिंडो समजत नाहीत. पहिल्या महायुद्धात खंदकातून डोकं वर काढणाऱ्या सैनिकांचे जबडे, नाकं, गाल तोफगोळ्यांनी उडत. १९१७ पासून लंडनजवळ सिडकप इथल्या इस्पितळात गिलीज आणि त्यांचे सहकारी अशा हजारो सैनिकांचे चेहरे पुन्हा उभे करत होते. कातडीची पट्टी एका टोकाने शरीराला जोडलेलीच ठेवायची, तिची नळी शिवायची, मोकळं टोक जिथे कातडी हवी तिथे लावायचं, आणि नव्या जागी रक्तपुरवठा सुरू झाला की जुनं टोक कापायचं, ही त्यांची पद्धत.

कातडी मुळापासून न तोडता वळवून लावायची ही कल्पना आपल्याला परकी नाही. सुश्रुतसंहितेत नाक बनवण्याची कृती आहे. टिपूच्या लोकांनी नाक कापलेल्या कावसजी नावाच्या बैलगाडीवाल्याला पुण्याजवळ विटा करणाऱ्या एका कारागिराने कपाळाच्या कातडीचं नाक बसवून दिलं, त्याची हकिकत १७९४ साली लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझीन’मध्ये चित्रासह छापून आली होती. ती वाचून पुढे इंग्लंडात जोसेफ कार्प्यू या सर्जनने तसंच नाक केलं. गिलीज-मॅकिंडोंच्या विद्येचा एक धागा असा आपल्या मुळा-मुठेपर्यंत येऊन पोचतो.

पण सिडकपमधली दुसरी एक गोष्ट माझ्या मनात जास्त घर करून राहिली. इस्पितळातून गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे काही बाक निळ्या रंगाने रंगवलेले होते. निळा बाक दिसला की गावकऱ्यांनी समजायचं, इथे चेहरा बिघडलेला सैनिक बसलेला असू शकतो, तेव्हा मन तयार ठेवा किंवा नजर वळवा. रंग देणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. लोक दचकू नयेत आणि लोकांचं दचकणं सैनिकाला दिसू नये, एवढंच त्यांना हवं होतं. हे वाचलं आणि मला ते रॅकपलीकडचं टेबल आठवलं. तो माझा निळा बाक होता.

गिलीजनी मॅकिंडोंना हाताशी घेतलं, सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात काम मिळवून दिलं, खासगी व्यवसायात सामील केलं. चाळिशीच्या आत मॅकिंडो स्वतः नामांकित झाले. १९३८ साली ते ब्रिटिश हवाई दलाचे प्लास्टिक सर्जरीचे सल्लागार नेमले गेले. १९३९ साली युद्ध सुरू झालं तेव्हा अख्ख्या ब्रिटनमध्ये या विद्येत मुरलेले पूर्णवेळ सर्जन अवघे चार होते. मॅकिंडोंच्या वाट्याला लंडनच्या दक्षिणेला ससेक्समधल्या ईस्ट ग्रिनस्टेड या छोट्या गावातलं क्वीन व्हिक्टोरिया इस्पितळ आलं. त्याच्या आवारातल्या लांबट बराकीत तिसरा वॉर्ड थाटला गेला. इतिहासात हा ‘वॉर्ड थ्री’ अजरामर झाला.

१९४० च्या उन्हाळ्यात ब्रिटनच्या आकाशात जर्मन विमानांशी झुंज सुरू झाली आणि वॉर्ड भरू लागला. लढाऊ विमानांत पेट्रोलची टाकी वैमानिकाच्या अगदी पुढ्यात असे. तिला गोळी लागली की काही सेकंदांत बैठकीची भट्टी होई. बाहेर उडी मारेपर्यंत हात आणि चेहरा, म्हणजे झाकलेले नसलेले नेमके तेच भाग, खोलवर जळत. बरेच वैमानिक सोय म्हणून हातमोजे आणि गॉगल काढून उडत. रिचर्ड हिलरी हा असाच एक तरुण. ३ सप्टेंबर १९४० रोजी तो जळत्या विमानातून समुद्रात पडला, बऱ्याच वेळाने लाइफबोटीने त्याला वर काढलं. त्याचे हात आणि चेहरा ओळखण्यापलीकडे गेले होते. वय होतं एकवीस.

त्या काळी भाजलेल्यावर सर्रास टॅनिक आम्ल लावत. चामडं कमावताना वापरतात त्याच जातीचा हा पदार्थ. १९२५ पासून त्याचा बोलबाला झाला होता. तो लावला की जखमेवर टणक कवच धरतं, आतलं पाणी वाहून जायचं थांबतं. अंगावरच्या मर्यादित भाजण्याला ते एक वेळ चालून जाई. पण बोटांवर आणि पापण्यांवर तेच कवच आवळत जाई. बोटं आकसून पंजा मिटे, पापण्या ओढल्या जाऊन डोळे उघडे पडत. शिवाय कवचाखाली पू साचला तरी वरून कळत नसे. म्हणजे आगीने जेवढं नेलं नव्हतं तेवढं उपचार नेत होता.

मॅकिंडोंनी दोन गोष्टी पाहिल्या. एक, टॅनिक आम्लाचं कवच काढायला रुग्णाला किती यातना होतात. दुसरी, समुद्रात पडलेल्या वैमानिकांच्या जखमा जमिनीवर उतरलेल्यांपेक्षा जास्त चांगल्या भरतात. खारं पाणी! त्यांनी वॉर्डात मिठाच्या कोमट पाण्याचे टब बसवले. रुग्णाला अलगद त्यात उतरवायचं. पट्ट्या ओढून न काढता पाण्यातच सुटू द्यायच्या. जखम मऊ राहते, स्वच्छ होते, आणि मुख्य म्हणजे पाण्यात बोटं हलवता येतात. वर व्हॅसलीन लावलेल्या जाळीदार कापडाची पट्टी. एवढं साधं. पण हे साधंपण गळी उतरवायला त्यांना वरिष्ठांशी भांडावं लागलं. अखेर हात आणि चेहऱ्यावर टॅनिक आम्ल लावणं बंद झालं.

मग सुरू होई खरं काम. आधी पापण्या, कारण डोळा झाकला नाही तर नजर जाते. त्यासाठी दंडाच्या आतल्या बाजूची पातळ, बिनकेसांची कातडी. मग ओठ, नाक, बोटांमधल्या खाचा. एकाच रुग्णावर वीस-वीस, तीस-तीस शस्त्रक्रिया होत, आणि दोन शस्त्रक्रियांच्या मध्ये नवी कातडी रुजण्याची वाट पाहावी लागे. घाई करून चालत नसे. खांद्यापासून नाकापर्यंत लोंबणारी कातडीची नळी घेऊन तरुण पोरं आठवडेच्या आठवडे वावरत. आरशात जे दिसे ते माणसाचं दिसत नसे.

मॅकिंडोंचं वेगळेपण इथे सुरू होतं. बाविशीचा मुलगा तीन-चार वर्षं असा राहणार असेल, तर ती वर्षं त्याने कुठे आणि कशी काढायची, हाही आपल्याच विषयाचा भाग आहे असं त्यांनी धरलं. वॉर्ड थ्रीमध्ये अधिकारी आणि साधा शिपाई शेजारी शेजारी खाटांवर असत. रुग्णांना इस्पितळाचा निळा पोशाख घालावा लागे, तो त्यांनी बंद करून आपापला गणवेश किंवा साधे कपडे घालायची मुभा दिली. वॉर्डात रेडिओ होता, फुलं होती आणि चक्क बिअरचं पिंपही होतं. ज्याला पाहायचं असेल त्याला ते शस्त्रक्रियागृहात उभं करून दुसऱ्यावरची शस्त्रक्रिया दाखवत. उद्या आपल्यावर काय होणार हे कळलं की भीती निम्मी होते, हा हिशेब. नव्वद दिवसांत कामावर रुजू न झालेल्या माणसाला सेवेतून कमी करण्याचा नियम होता. तोही त्यांनी भांडून बदलवला. हे सगळं त्यांना जमलं, कारण हवाई दलाने देऊ केलेला हुद्दा त्यांनी मुद्दामच घेतला नव्हता. गणवेशच नाही, तर वरिष्ठाला सलाम ठोकायचा प्रश्नही नाही!

आणि मग त्यांनी गावाकडे मोर्चा वळवला. ईस्ट ग्रिनस्टेडच्या रहिवाशांना भेटून त्यांनी समजावलं की ही मुलं आता तुमच्या रस्त्यांवर, दुकानांत, उपाहारगृहांत दिसतील. त्यांच्याकडे टक लावून पाहू नका, आणि त्यांना टाळूही नका. त्यांना घरी बोलवा. नेव्हिल आणि एलेन ब्लाँड या धनिक दांपत्याने आपल्या घराचे दरवाजे उघडले, आणि मग साध्या घरांचेही उघडले. पोरं गावात सिनेमाला जाऊ लागली, नाचाला जाऊ लागली. बोटं नसलेल्या हातात पेला कसा धरायचा ते दारूच्या गुत्त्यातच शिकू लागली. काहींची लग्नंही तिथेच जमली. सिडकपमध्ये निळ्या बाकांनी लोकांना सावध केलं होतं. इथे एका डॉक्टरने लोकांनाच तयार केलं. पुढे त्या गावाला टक लावून न पाहणारं गाव हेच नाव पडलं.

हे गावही युद्धातून सुटलं नाही. ९ जुलै १९४३ रोजी संध्याकाळी एका जर्मन विमानाने टाकलेल्या बॉम्बने तिथलं व्हाइटहॉल सिनेमागृह कोसळलं. एकूण १०८ माणसं गेली, त्यांत मुलं पुष्कळ होती. जखमींना त्याच इस्पितळात आणलं गेलं. ज्यांनी जळलेल्या पोरांना घरात घेतलं, त्यांच्यावरच ही पाळी आली.

जुलै १९४१ मध्ये वॉर्डातल्या काही रुग्णांनी शेरीचे पेले हाती घेऊन एक मंडळ काढलं. आपल्यावर प्रयोग चाललेत, तेव्हा नाव ठेवलं गिनीपिग क्लब. सभासद व्हायचं तर ईस्ट ग्रिनस्टेडला शस्त्रक्रिया झालेली हवी. पाय भाजलेल्याला खजिनदार केलं, म्हणजे पैसे घेऊन पळता येणार नाही. बोटं भाजलेल्याला चिटणीस केलं, म्हणजे फार पत्रं लिहिता येणार नाहीत! अध्यक्ष अर्थातच मॅकिंडो. युद्ध संपेपर्यंत सभासदांची संख्या ६४९ झाली. त्यांत कॅनडाचे, ऑस्ट्रेलियाचे, न्यूझीलंडचे, पोलंडचे, चेकोस्लोव्हाकियाचे सारे होते. सुरुवातीला लढाऊ वैमानिक जास्त होते, नंतर बॉम्बफेकी विमानांतली मुलं संख्येने कितीतरी वाढली.

सगळ्यांच्या गोष्टी गोड नाहीत. रिचर्ड हिलरीने इस्पितळातून बाहेर पडून ‘द लास्ट एनिमी’ हे पुस्तक लिहिलं. ते १९४२ साली आलं आणि गाजलं. पण तो हट्टाने पुन्हा विमानात बसला आणि जानेवारी १९४३ मध्ये रात्रीच्या सरावात विमान कोसळून गेला. जेफ्री पेज हा त्याच्यासारखाच हात-तोंड भाजलेला वैमानिक. तोही परत लढायला गेला, मात्र वाचला. पुढे त्याने त्या लढाईतल्या वैमानिकांचं स्मारक उभारण्यासाठी खटपट केली, ते १९९३ साली पूर्ण झालं, आणि २००० साली तो वारला. आगीतून सुटलेल्या दोघांची आयुष्यं अशी दोन दिशांना गेली.

मॅकिंडो देवमाणूस होते असं म्हणणं त्यांच्यावर अन्याय होईल. ते तापट होते, महत्त्वाकांक्षी होते, पैशाची आवड होती. वॉर्डातल्या मोकळ्या वातावरणाचा भार परिचारिकांना सोसावा लागे. पोरांचा उत्साह टिकावा म्हणून त्या देखण्या आणि हसतमुख असाव्यात, असा त्यांचा आग्रह होता, आणि पोरांच्या लाडीगोडीला त्यांनी हसून घ्यावं अशी अपेक्षाही. आजच्या नजरेने हे खटकतं आणि खटकायलाच हवं. घराकडे त्यांचं लक्ष राहिलं नाही. पहिलं लग्न अखेर मोडलं, १९५४ साली त्यांनी दुसरं लग्न केलं. दिवसभर दुसऱ्यांचे चेहरे जोडणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या घरात भेग पडावी, हे नवल नाही, पण दुःखाचं आहे.

युद्धानंतर मान भरपूर मिळाला. १९४७ साली ते ‘सर’ झाले, पुढे रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सचे उपाध्यक्ष झाले. १९५७ साली मायकेल वुड आणि टॉम रीस या सर्जनांबरोबर त्यांनी पूर्व आफ्रिकेत विमानाने फिरणाऱ्या डॉक्टरांची सेवा उभी करायला हात लावला. जुन्या पोरांना ते विसरले नाहीत. कोणाला नोकरी, कोणाला कर्ज, कोणाला आणखी एक शस्त्रक्रिया, हे शेवटपर्यंत चालू होतं. ११ एप्रिल १९६० रोजी झोपेतच त्यांचं हृदय थांबलं. साठाव्या वाढदिवसाला तीन आठवडे उरले होते. लंडनमधल्या सेंट क्लेमेंट डेन्स या हवाई दलाच्या चर्चमध्ये त्यांच्या अस्थी ठेवल्या गेल्या. गणवेश न घातलेल्या डॉक्टरला हा मान दुर्मीळ. गिनीपिग क्लबचा शेवटचा मेळावा २००७ साली झाला. २०१४ मध्ये ईस्ट ग्रिनस्टेडला मॅकिंडोंचा पुतळा उभा राहिला. समोर आकाशाकडे पाहत बसलेला भाजलेला वैमानिक, आणि मागे त्याच्या खांद्यांवर हात ठेवून उभे डॉक्टर. पुतळा घडवणारे मार्टिन जेनिंग्ज यांचे वडील त्याच इस्पितळातले रुग्ण होते.

मॅकिंडोंनंतर विद्या खूप पुढे गेली आहे, पण भरत्या कातडीचा स्वभाव तोच आहे. आज डॉक्टर सांगतात ते ऐकताना वॉर्ड थ्री आठवतो. भाजल्याबरोबर वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं धरायचं. बर्फ नको, टूथपेस्ट नको, शाई नको, हळद-तूप नको. जखम बंद झाली म्हणजे काम संपलं असं समजायचं नाही, तिथून दुसरं काम सुरू होतं. नवी कातडी पातळ असते. खोल भाजलेल्या जागी तेलग्रंथी उरत नाहीत, म्हणून ती कोरडी पडते, तडकते आणि विलक्षण खाजते. तिला दिवसातून तीन-चार वेळा बिनवासाचं मलम किंवा साधं तेल लावून हलक्या हाताने चोळावं लागतं. निदान वर्षभर उन्हापासून जपावं लागतं, नाहीतर काळे डाग कायमचे राहतात. व्रण उंच होऊ नयेत म्हणून घट्ट कपडे दिवसरात्र घालावे लागतात, आणि सांधे आखडू नयेत म्हणून दुखलं तरी रोज ताणावे लागतात. व्रण फिका आणि मऊ व्हायला दीड-दोन वर्षं लागतात.

दीड-दोन वर्षं. आमच्या बाई त्या मागच्या टेबलावर बसून तेल चोळत होत्या आणि बोटं ताणत होत्या, ते नेमके हेच दिवस होते. मी ज्याला सवय समजत होतो तो उपचार होता, आणि आपली बाजू त्या नेटाने सांभाळत होत्या. उरलेला उपचार आम्हा लोकांच्या हातात होता. त्याचाच अर्ज माझ्या खणात पडून होता.

बदलीनंतर सात-आठ वर्षांनी काही कामासाठी त्या शाखेत गेलो. नंतर आलेल्या शाखाधिकाऱ्यांनी बाईंना केव्हाच काउंटर दिला होता. पेन्शनचा दिवस होता आणि त्यांच्या खिडकीपुढे सर्वांत मोठी रांग होती. शेजारची खिडकी रिकामी होती तरी म्हातारी माणसं तिथून हलत नव्हती. रांगेत आजीचं बोट धरून उभी असलेली पाच-सहा वर्षांची एक मुलगी बाईंच्या गालाकडे एकटक बघत होती. आजीने तिला मागे ओढलं. बाईंनी पासबुक खाली ठेवलं, मुलीला जवळ बोलावलं, आणि आपला हात खिडकीतून तिच्यापुढे धरला. स्टोव्ह भडकला होता, असं त्यांनी तिला सांगितलं. अजून दुखतं का, असं तिने विचारलं. दुखत नाही, उन्हाळ्यात खाजतं तेवढं, असं म्हणून बाई हसल्या. मुलीने त्या हातावरून एकदा बोट फिरवून पाहिलं, तिचं समाधान झालं, आणि ती आजीच्या पिशवीतला पेरू काढून खाऊ लागली.

बाईंनी मला ओळखलं. मुलांची चौकशी केली, चहा मागवला. अर्जाचा विषय त्यांनी काढला नाही, आणि मलाही काढता आला नाही. आज काढतो आहे.